न उलटलेलं पान

एकोडी
२० नोव्हेंबर १९७८

श्री

सौ. विहीणबाई सुलोचनाबाई यांस एकोडीहून रत्नाबाईचा सा. न. वि. वि.

जवाई सुखरूप पोचले असतील. त्यांच्या पिशवीत वर पोहे आहेत नि खाली दोन पुस्तकं. पोहे तुमच्यासाठी, पुस्तकंही तुमच्यासाठीच. निर्मला म्हणत होती की तुमच्या छपरीत गल्लीतल्या बाया बिड्या वळायला बसतात, ती त्यांना काहीबाही वाचून दाखवते नि तुमाले ऐकायची मोठी हौस. मी म्हटलं, चला, विहिणीची एक तरी हौस आपल्या ऐपतीतली निघाली.

माझा भाऊ सेवकराम वरठीच्या कारखान्यात आहे. लग्नात पाहिला तुमी, मोटारसायकलवाला. तो रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणते, वाचते नि माझ्या घरी टाकून देते. मी चौथी पास. कोंबडी दाणे टिपते तशी एक एक अक्षर टिपत वाचतो. म्हणून मी माझी एक रीत करून घेतली आहे. पहिलं पान वाचायचं नि मग एकदम शेवटचं. शेवट बरा असला तर पुस्तक चांगलं. मधात लिहिणारे नुसते हिंडवतात.

पातळ पुस्तकात खून आहे. ज्याचा खून होते त्याची धड ओळखही करून देत नाहीत, मग आपण रडायचं कोणासाठी? मले आवडलं नाही. निळ्या पुठ्ठ्याचं जाड आहे ते घरसंसाराचं. त्यातल्या गिरिजेचा नवरा दूर देशी जाते नि ती सासरचं सगळं सांभाळते. ते तुमाले आवडेल, तुमी सासू आहा. सेवकरामनं एक कवितेचंही दिलं होतं, ते नाही पाठवलं. ओळीत चार शब्द नि बाकी पान कोरं. एवढ्या जागेत माझी दोन पत्रं मावली असती.

आता मुद्द्याचं. निर्मलाले पुढच्या महिन्यात सातवा लागते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुमाले मी काय सांगू. संक्रांतीनंतर आठवा, नि आठव्यात पोरीले गाडीत बसवत नाहीत. त्याच्या आत आमी तिले न्यायला येतो. तुमच्या धानाचे भारे खळ्यावर आले की दिवस कळवा.

चि. निर्मला, हे पत्र तूच वाचून दाखवशील. माझे शब्द गोड करू नको. आहेत तसे वाच.

लोभ वाढवता आला तर वाढवा, नाही तर आहे तेवढा सांडू देऊ नका.

आपली
रत्नाबाई

*

आसगाव
५ डिसेंबर १९७८

श्री

एकोडीच्या सौ. विहीणबाई रत्नाबाई यांस सुलोचनाबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

मले लिहिणं येत नाही. मी सांगून राहिली नि तुमचीच पोरगी लिहून राहिली. म्हणजे तिच्याबद्दल काही तक्रार करायची झाली तर तीही तिलेच लिहावी लागेल. एक करतोच. भाजीत मीठ कमी टाकते. लिही, निर्मला.

पोहे पोचले. खडे वेचून खाल्ले.

खुनाचं पुस्तक दोन दुपारीत उडालं. आमची शेजारीण बेबीबाई हिनं खुनी पहिल्याच दिवशी सांगून टाकला. म्हणे जो सगळ्यांत गोड बोलते तोच. तोच निघाला. तेव्हापासून ती गोड बोलणाऱ्या माणसाले घरात घेत नाही.

निळ्या पुस्तकानं मात्र गल्लीले वेड लावलं. तुमाले आमची रीत सांगतो. जी वाचते तिचे हात बिडीले लागत नाहीत, म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्या सुपातल्या मूठभर बिड्या तिच्या सुपात टाकते. आजकाल निर्मलाचं सूप सगळ्यांत भरलेलं असते. आमचे हे भिंतीआड दोर वळत बसतात, ऐकत नाही असं दाखवतात. काल दोर एवढा लांब झाला की दोन बैल बांधून उरला.

गिरिजेची नणंद आहे ना, शेवंता, ती आता पेटी घेऊन माहेरी आली आहे. बेबीबाई म्हणते ही आग लावायला आली. मले तसं वाटत नाही. पोरगी बोलकी आहे, आल्याबरोबर आईच्या चुलीपुढे जाऊन बसली. माहेरी आलेली पोरगी तशीच बसते.

न्यायचं म्हणता, तर पुस्तक संपल्याबिगर पोरीले सोडू कशी? आमच्याकडे भराभर वाचणारी तीच एक. एवढं जाड तुमीच पाठवलं. थोडं थांबा.

रागावला तरी लोभ ठेवा, दोन्ही एकाच घरात राहतात.

सुलोचनाबाई

ता. क. आई, सासूबाई गाईकडे गेल्या. मी बरी आहे. चिंच पाठव. नि पोह्यात खरंच खडे होते. — निर्मला

*

एकोडी
१३ डिसेंबर १९७८

श्री

सौ. विहीणबाई यांस रत्नाबाईचा सा. न. वि. वि.

मी पुस्तक करमणुकीले पाठवलं होतं, पोरगी अडकवून ठेवायला नाही. जगात कोणाच्या विहिणीनं असं कारण दिलं असेल तर मले दाखवा. कोणी म्हणते धान पडलं आहे, कोणी म्हणते घरी लग्न आहे. पुस्तक संपायचं आहे म्हणून सून सोडत नाही, हे मी कोणाले सांगू? घरच्यांना सांगितलं तर ते हसत सुटले. म्हणे तुझंच पुस्तक तुलेच चावलं.

तर मी तुमचं काम सोपं करून देतो. शेवट सांगून टाकतो. गिरिजेचा नवरा परत येते. ती दारात दिवा लावून बसली असते. तो पाय धुते, ती पान वाढते. संपलं पुस्तक. आता अडलं काय?

निर्मला, हे गाळू नको. मोठ्यानं वाच.

सोबत चिंच आहे, नि बाळ-बाळंतिणीच्या निगेचं एक पुस्तक आहे. डॉक्टरनं लिहिलं आहे, पुरुष आहे. बाळंतिणीले काय होते ते त्याले कोणी सांगितलं कोण जाणे, पण दूध-भाजीचं बरोबर लिहिलं आहे. तेवढं पान वाचा नि बाकी सोडा.

मी सध्या एका माणसाच्या प्रवासाचं पाहून राहिली. पहिल्या पानावर बर्फ पाहायला डोंगरावर जाते, शेवटच्या पानावर थंडी वाजली म्हणून रडते. अरे, घरी बसायचं होतं.

संक्रांत जवळ येऊन राहिली. माझं चित्त एका जागी नाही. चूल पेटवतो नि वर भांडं ठेवायचं विसरतो. दिवस कळवा.

लोभ आहे, पण तो आता दारात उभा राहून वाट पाहून राहिला.

रत्नाबाई

*

आसगाव
२४ डिसेंबर १९७८

श्री

सौ. विहीणबाई यांस सुलोचनाबाईचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. शेवटाच्या ठिकाणी तुमची पोरगी खोकली नि खालची ओळ वाचू लागली. मी म्हटलं, वरचं वाच. मग वाचलं. बेबीबाईनं तुमाले अशा शिव्या दिल्या की त्या लिहायला पोरीनं नाही म्हटलं.

पण शेवट कळून काय झालं? नवरा येते ते ठीक. तो येईपर्यंत गिरिजेनं दिवस कसे काढले ते तुमी कुठं सांगितलं? शेवट तर सगळ्यांचेच माहीत असतात, विहीणबाई. मधलंच ऐकायचं असते.

परवा शेवंता बाळंत झाली. मुलगा झाला, बत्तासे वाटले, असं वाचून झालं. मी आमच्याही छपरीत गूळ वाटला.

संक्रांतीचं आताच सांगता येत नाही. रस्ता खराब आहे. पुस्तकही राहिलं आहे.

लोभ असू द्या.

सुलोचनाबाई

ता. क. आई, निळं पुस्तक तू मधून वाचलं होतं का? खरं सांग. नाही तर राहू दे, सांगू नको. तुझं पत्र मलेच मोठ्यानं वाचावं लागते. — निर्मला

*

एकोडी
३१ डिसेंबर १९७८

श्री

सौ. विहीणबाई यांस रत्नाबाईचा नमस्कार.

निर्मलानं खाली काय विचारलं, काहून विचारलं, ते तिचं तिले माहीत. मी शेवटाकडून वाचतो हे पहिल्याच पत्रात लिहून ठेवलं आहे. लपवायचं त्यात काय आहे.

तुमचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. एवढंसं पत्र. मिठाची तक्रार नाही, बेबीबाईची एकच गोष्ट, दोर वळणारे व्याही तर त्यात नाहीतच. विहीणबाई, मले पुस्तकातलं मधलं समजत नसेल, पण माणसाचं समजते. तुमच्या मनात काही दुसरं आहे. आमच्याकडून काही कमी झालं का? मानपानात काही राहिलं असेल तर तोंडावर सांगा. मले आडून बोललेलं कळत नाही.

रस्ता खराब म्हणता. त्याच रस्त्यानं एस. टी. रोज येते, तिच्यात बायामाणसं बसतात, शेळ्याही बसतात.

येत्या शुक्रवारी सेवकराम येऊन राहिला. त्याच्या हाती पोरगी द्या. द्यायची नसेल तर कारण द्या, नि ते कारण पुस्तकाचं नको.

इथं बाया विचारतात, आली का निर्मला? मी म्हणतो येते. दिवसभर तेच म्हणतो नि रस्त्याकडे पाहतो.

लोभाचं तुमच्या उत्तरावर ठेवलं आहे.

रत्नाबाई

*

आसगाव
५ जानेवारी १९७९

श्री

सौ. विहीणबाई रत्नाबाई यांस सुलोचनाबाईचा सा. न. वि. वि.

अक्षर दुसरं पाहून घाबरू नका. पोरगी बरी आहे. हे पत्र तुमचा जवाई जागेश्वर लिहून राहिला. निर्मलाले मी बेबीबाईकडे पाठवलं आहे. सेवकरामभाऊ जेवून बसले आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतो. पोरगी देत नाही. कारण देतो.

शेवंतेच्या बाळंतपणाचं आलं त्या दिवशी निर्मला वाचता वाचता थांबली, पाणी प्याली, नि मग भराभर वाचू लागली. मुलगा झाला, बत्तासे वाटले. बाया खूश. मी तिच्या हाताकडे पाहत होती. मले अक्षर दिसत नाही, पण पान उलटलेलं दिसते. शेवंतेच्या कळा झाल्या, मुलगा झाला, बारसं झालं, नि तिनं पान उलटलंच नाही. मग एकदम चार पानं धरून पलटवली.

संध्याकाळी ते पान मी जागेश्वरकडून वाचून घेतलं. शेवंता बाळंतपणात मरते. आईच्या घरी.

सोयरीक जुळवताना आमी तुमाले सांगितलं होतं की आमची थोरली पोरगी उषा तापानं गेली. ताप नव्हता. ती पहिल्या बाळंतपणाले माझ्याकडे आली होती. तिची सासू म्हणत होती, इथंच राहू द्या. मीच म्हटलं, रीत आहे, पहिलं माहेरीच. बैलगाडी जुंपली होती. पवनीचा दवाखाना यायच्या आधीच बैल थांबवावे लागले.

जागेश्वर तेव्हा लहान होता. आता लिहिता लिहिता थांबून राहिला. मी म्हटलं, लिही.

निर्मलाले हे बेबीबाईकडून कधीचं कळलं असेल. म्हणून ती माझ्यासाठी खोटं वाचते. नि तिले भीती वाटू नये म्हणून मी ते खरं मानून गूळ वाटतो. आमी दोघी एकाच छपरीत बसून एकमेकींना फसवून राहिलो. तिले माझ्या घरात ठेवायची मले हिंमत नाही, नि तुमच्या घरी पाठवायचीही नाही. मग मी पुस्तकाचं नाव सांगत राहिली.

तुमच्या मानपानात काही राहिलं नाही. तुमी बोलता तिखट, पण बोलता खरं. तर खरं सांगा. मी काय करू?

सुलोचनाबाई

*

एकोडी
७ जानेवारी १९७९

श्री

सौ. विहीणबाई सुलोचनाबाई यांस रत्नाबाईचा सा. न. वि. वि.

जवाई, हे पत्र तुमी वाचून दाखवा. निर्मलाच्या हाती देऊ नका.

सेवकराम एकटा उतरला तेव्हा मी अंगणातूनच त्याले बोलायला लागली. त्यानं पत्र पुढं केलं. वाचलं. मग चुलीवरचं उतरवून ठेवलं नि बसून राहिली. मी बसत नसतो, हे घरच्यांना माहीत आहे, ते विचारायला आले तर त्यांनाही पत्र दिलं.

ते पुस्तक मी मधून वाचलं नव्हतं. पोटुशी पोरगी आहे त्या घरात मी ते न पाहता पाठवलं. माझ्या रीतीले आग लागो. याच्यापुढे त्यावर लिहीत नाही, मले रडून लिहिता येत नाही. अक्षर फिसकटते.

तुमी विचारलं काय करू. सांगतो. तुमी पोरीसंग या.

एक दिवसासाठी नाही. तिचं होईपर्यंत राहायला या. मुलाची आई विहिणीच्या दारी महिना-दोन महिने जेवते असं कोणी ऐकलं नसेल. लोक हसतील. हसू द्या, त्यांनाही हिवाळ्यात काही काम पाहिजे. इथून साकोलीचा दवाखाना जवळ आहे. आमच्या गावच्या परसरामची जीप आहे, त्याले सांगून ठेवलं, की फाल्गुनात कुठं दूर जाऊ नको, गेलास तर तुझ्या बायकोले काय सांगायचं ते सांगतो. दर पंधरवड्याले नर्सबाईले दाखवू. मी एका बाजूले, तुमी एका बाजूले. उषाच्या वेळी तुमी एकट्या होत्या. एकटीनं हे काम होत नाही.

नि निळं पुस्तक सोबत आणा. ते पान झाकून ठेवलं तर पोरगी येता-जाता त्यालेच पाहील. तिघी मिळून वाचू. वाचून मी दाखवीन. माझं वाचणं म्हणजे खडकाळ वावरात नांगर, दर हातावर अडते. हसल्या तर पुस्तक बंद करीन.

संक्रांतीच्या आत या. मिठाचं तुमीच पाहा, मी टाकतो तेही तुमाले कमीच लागेल.

लोभ घेऊन या, इथं ठेवायला जागा आहे.

रत्नाबाई

*

एकोडी
१ एप्रिल १९७९

श्री

सौ. विहीणबाई सुलोचनाबाई यांस रत्नाबाईचा, निर्मलाचा नि तुमच्या नातीचा सा. न. वि. वि.

तुमी गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटते. व्याह्यांना स्वतःच्या हातचं जेवून बाधलं म्हणता, तर त्यांना दोर वळायला बसवा, बरे होतील. नात दूध पिते, झोपते, उठते, ओरडते. वाट पाहणं तिले बिलकूल जमत नाही. घरचे म्हणतात, ही कोणावर गेली ते सांगायची गरज नाही. निर्मलाची तब्येत चांगली आहे. डिंकाचे लाडू खाऊन कंटाळली.

काल दुपारी त्या दोघी झोपल्या नि मी निळं पुस्तक काढलं. तुमी आल्या त्या दिवशी शेवंतेचं पान आपण वाचलं ते आठवलं. निर्मला रडली, तुमी रडल्या, मी लिहिणाऱ्याले नावं ठेवली की एवढ्या बोलक्या पोरीले त्यानं मारलं कशाले. तेव्हा तुमी म्हटलं, त्यानं नाही मारली, तशीच जाते. नि मग तुमी उषाचं सगळं सांगितलं, तिले चुलीजवळचीच जागा लागे तेही. त्या दिवशी निर्मला रात्रीची धड जेवली. मधलं कशाले वाचायचं ते मले तेव्हा थोडं समजलं. पूर्ण समजलं असं म्हणत नाही. अजूनही मले वाटते की झाडाझुडपांचं चार पानं वर्णन होतं ते एका ओळीत झालं असतं.

आता शेवटची थोडी पानं राहिली आहेत. शेवट मीच गल्लीभर सांगून बसली. तरी ती पानं उघडली नाहीत. तुमी पोरीले नि नातीले न्यायला याल तेव्हा वाचू. बेबीबाईलेही आणा, माझ्या तोंडावर शिव्या देऊ द्या तिले.

पण पत्र लिहायचं कारण दुसरंच. पुस्तक काढलं तर एक पान दिसलं. खालचा कोपरा माझ्या बोटानं काळा पडलेला, घामानं कागद फुगलेला. शेजारची पानं कोरी करकरीत.

साकोलीच्या दवाखान्याच्या ओट्यावर आपण बसलो होतो त्या सकाळचं ते पान. आतून निर्मलाचा आवाज येत होता. तुमी माझ्या हातात पुस्तक दिलं नि म्हटलं, वाचा. मी वाचू लागली. काय वाचलं ते मले ठाऊक नाही. नर्सबाईनं बाहेर येऊन पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं सांगितलं तोपर्यंत मी वाचतच होती. मले वाटलं पुस्तकाचा मोठा भाग झाला. काल समजलं की ते सगळं एकच पान होतं. संपलं की पुन्हा वरून, संपलं की पुन्हा वरून. उलटलंच नाही.

नि तुमी, ज्यांना न उलटलेलं पान गल्लीच्या या टोकावरून दिसते, माझ्या अंगाले अंग लावून बसल्या होत्या, नि दर ओळीले म्हणत होत्या, हूं, मग?

लोभ असावा असं या खेपेले लिहीत नाही. तुमाले दिसतेच.

रत्नाबाई